वाटेवरची भाकरी

आपल्या प्रवासवर्णनांत एक ओसरी ठरलेली असते. लेखक शहरातून निघतो, एस.टी. चुकते, ऊन कलते आणि कुठल्याशा वस्तीवरची म्हातारी त्याला पाणी, चहा आणि भाकरी देते. पुढल्या परिच्छेदात लेखकाचा कंठ दाटून येतो. त्यानंतर खरा महाराष्ट्र खेड्यात आहे असा निष्कर्ष निघतो. म्हातारी मात्र मागेच राहते. तिची शेती किती, घरात खाणारी तोंडे किती, डब्यातले पीठ त्या भाकरीने संपले की काय, यांतले काहीच आपल्याला कळत नाही. या लेखनाविषयी माझी तक्रार एवढीच, की त्यात घेणारा फार दिसतो आणि देणारा फार थोडा.

हा चांगुलपणा खोटा असतो असे मला मुळीच म्हणायचे नाही. शिरूरहून न्हावऱ्यावरून केडगाव-चौफुल्याकडे जाताना, भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरल्यावर माझी मोटारसायकल पंक्चर झाली होती. जवळच्या मळ्यातल्या एका गृहस्थाने हातातले काम टाकून चाक काढले, ते आपल्या गाडीवर घालून नेले आणि नीट करून आणले. तोवर घरातल्या बाईंनी दोनदा चहा दिला. मी पैशांचे विचारले तेव्हा ते म्हणाले, "पाव्हणं, वाटंवर घर हाय म्हणल्यावर एवढं करावंच लागतं." यातले 'करावंच लागतं' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. त्यांच्या लेखी तो थोरपणा नव्हता, वाटेवरच्या घराचा रिवाज होता. त्याचा थोरपणा करतो आपण, लिहिताना. एकदा थोरपणा म्हटले, की तो दुसऱ्याचा गुण ठरतो आणि आपल्यावर कसलेच बंधन उरत नाही.

याच तालुक्यात यवतला या रिवाजाचे सार्वजनिक रूप दिसते. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून तिथे मुक्कामाला येते आणि सारा गाव वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढतो. भाकऱ्या घरोघरच्या तव्यांवर होतात. कुणाची भाकरी कुणाच्या हातावर पडली हे कुणी विचारीत नाही. देणाऱ्याला नाव नाही, घेणाऱ्याला संकोच नाही. मात्र ऐन आषाढाच्या तोंडावर, धुरात डोळे चोळीत शेकड्यांनी भाकऱ्या थापणाऱ्या बायांविषयी आपल्या साहित्यात किती ओळी सापडतील? जेवणाऱ्या पंगतीची वर्णने मात्र पुष्कळ आहेत.

म्हणून इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती'तला (1949) 'वाटचाल' हा लेख मला या सगळ्या लेखनात वेगळा वाटतो. त्यांची वाट यवतची नव्हे. त्या ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालल्या आणि ती पालखी सासवड-जेजुरीवरून जाते. दिंडीत ब्राह्मण आणि मराठे भजन एकत्र करीत, चालत एकत्र, पण जेवायला निरनिराळे बसत. इरावतीबाई मराठा बायांबरोबर जेवल्या. त्यानंतर त्या बाया मोकळ्या झाल्या, त्यांचा हात धरून चालू लागल्या, त्यांना ताई म्हणू लागल्या. दुसऱ्या कुणी लेख इथेच गोड करून संपवला असता. पण पुण्याला तुमच्याकडे येऊ, असे बोलणे निघाल्यावर एका तरुण मुलीने विचारले, की तेव्हाही तुम्ही आमच्याशी असेच वागाल का? प्रश्न साधा आहे, पण तो जिव्हारी लागल्याचे लेखिकेने लपवले नाही. वाटेवरच्या मायेची खरी परीक्षा परतल्यावर, आपल्या दारात होते, हे त्या मुलीने ओळखले होते. या लेखाची थोरवी मला भक्तिरसापेक्षा या एका प्रश्नात दिसते.

या प्रश्नाची दुसरी बाजू दौंड तालुक्यातच, केडगावला, पाहायला मिळते. पंडिता रमाबाईंचे आईवडील 1874 साली दुष्काळाच्या हालांत वारले. पुढे रमाबाई भावाबरोबर उपाशीतापाशी गावोगाव पायी हिंडल्या. पुराण सांगण्याखेरीज दुसरे काम येत नव्हते, आणि भीक मागायला मन धजत नव्हते. अनोळखी माणसांच्या दारांवरून रिकाम्या पोटी जाणे म्हणजे काय, हे त्यांच्या आत्मकथनात ज्या कोरडेपणाने येते, त्याने कुठल्याही गहिवरापेक्षा काळीज अधिक हलते. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना घर दिले. 1922 साली त्यांचा अंत झाला तोही तिथेच. त्यांच्या धर्मांतरावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. पण भुकेल्या वाटसरूने पुढे वाटसरूंसाठी दार उघडले, या दृष्टीने ते आत्मकथन फारसे वाचले गेले नाही.

दिवाळी सरते आणि बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांची बिऱ्हाडे शिरूर-दौंडच्या फडांत उतरतात. तीही प्रवासीच, शिवाय लेकुरवाळी. त्यांना ओसरीवर बसवले जाते का, पाणी कोणत्या भांड्यातून मिळते, हे आपल्या प्रवासवर्णनकारांनी एकदा पाहावे. आणि फराळाचे ताट पुढ्यात घेऊन हे वाचणाऱ्या आपण सर्वांनीही त्या मुलीचा प्रश्न स्वतःला विचारावा. न्हावऱ्याच्या वाटेवर चहा पाजणारी ती बाई उद्या दवाखान्याच्या कामासाठी पुण्यात आली आणि आपल्या जिन्याशी पत्ता विचारीत उभी राहिली, तर तिला वर बोलावणारे आपल्यात किती निघतील?