गृहस्थाश्रम आणि गायन : लखनौच्या निमित्ताने संगीतचरित्रांचा विचार

मराठीत गायक-वादकांची चरित्रे, आठवणी आणि गौरवग्रंथ यांची उणीव नाही. घराणे, तालीम, मैफल आणि बंदिश या अंगांनी या लेखनाची चर्चाही बऱ्यापैकी झाली आहे. तथापि कलावंताचे आईपण वा बापपण आणि त्याची साधना यांचा संबंध हे लेखन कसा मांडते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. प्रस्तुत निबंधात तो मुख्यतः लखनौच्या आधारे विचारावयाचा आहे. १९२६ साली विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने आणि राय उमानाथ बली, राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने तेथे मॅरिस कॉलेज स्थापन झाले व पुढे दीर्घकाळ ते एका मराठी प्राचार्याच्या हाती राहिले. त्याच शहरात बेगम अख्तर यांनी विवाहानंतरचे आयुष्य घालविले. एकाच गावातील या दोन परंपरा आपल्या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे देतात.

भातखंडे यांच्या चरित्राची रूढ मांडणी सर्वपरिचित आहे. १८६० साली वाळकेश्वर येथे जन्म, १८८७ साली कायद्याची पदवी, वकिली. १९०० साली पत्नीचे आणि १९०३ साली कन्येचे निधन. त्यानंतर व्यवसायाचा त्याग आणि उरलेले आयुष्य संगीताला समर्पित. संसाराचे पाश तुटले आणि साधना सुरू झाली, हा संतचरित्रांतून आपल्या ओळखीचा झालेला आख्यानबंध येथे जसाच्या तसा वापरला जातो. परंतु सनावळी या आख्यानाला साथ देत नाही. भातखंडे मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले ते १८८४ साली. ध्रुपदे व ख्याल यांचा मोठा संग्रह कंठस्थ करणे, जाणकारांच्या गाठी घेणे, ग्रंथ मिळविणे हे सारे त्यानंतरच्या वर्षांत सुरू झाले होते. पत्नीच्या निधनापूर्वीचा हा सोळा वर्षांचा काळ विद्यार्थिदशा, वकिली आणि प्रपंच यांनी व्यापलेला आहे. म्हणजे ज्याला आज आपण समतोल म्हणतो तो या गृहस्थाने प्रत्यक्षात साधला होता. चरित्राला मात्र त्याचा उपयोग वाटला नाही.

१९०० ते १९०३ ही तीन वर्षे तर आई गेलेल्या मुलीच्या बापाची वर्षे आहेत. त्या मुलीला कोण पाहत होते, सायंकाळी मंडळीत जाणारा बाप घरी केव्हा परतत होता, तिच्या कानावर ते ध्रुपद पडत होते की नाही, हे प्रश्न रूढ मांडणीत उद्भवतच नाहीत. मुलगी चरित्रात येते ती केवळ जाण्यासाठी. तिचा मृत्यू हे कार्यारंभाचे कारण ठरविले की तिच्या हयातीतील वर्षे आपोआप निष्प्रयोजन होतात. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. १९०४ सालची दक्षिणेची यात्रा आणि त्यानंतरची देशभरची भ्रमंती घरी लहान मूल असताना त्याच रीतीने झाली असती, असे म्हणवत नाही. वियोगाने त्यांना प्रवास दिला. संगीत दिले नाही.

‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या ग्रंथाचे चार भाग १९१० ते १९३२ या काळात मराठीत प्रसिद्ध झाले आणि ते गुरुशिष्यसंवादाच्या रूपात आहेत. न थकता उत्तरे देणाऱ्या या गुरूत अपत्य गमावलेला पिता पाहण्याचा मोह होतो; तो आवरावयास हवा, कारण शास्त्रग्रंथांची ती जुनीच रीत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती क्रमिक पुस्तकमालिका. जुन्या तालमीत शिष्याने उस्तादाच्या दारी वर्षानुवर्षे पडून राहावे, अशी अपेक्षा असे. ज्याच्या मागे घर आहे, मुले आहेत, आणि विशेषतः जी स्त्री आहे, तिला ही वाट जवळजवळ बंदच होती. स्वरलिपी, श्रेणीबद्ध पाठ आणि ठरलेला तास यांनी संगीत गृहस्थाच्या दिनक्रमात बसविले. स्वरलिपीने गायकीचा केवळ सांगाडा हाती येतो, हा आक्षेप रास्तच आहे. पण तो घेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी भाकरीची चिंता दुसरे कोणी तरी वाहत असे, हेही ध्यानात घ्यावे. सुमती मुटाटकर यांच्यासारख्या विदुषी याच कॉलेजातून पुढे आल्या. हे विद्यालय नंतर कैसरबागेतील परीखान्यात गेले. जेथे वाजिद अली शाहाच्या पदरच्या ‘परी’ गायन-नृत्याची तालीम घेत, तेथे आता घराघरांतील मुली वह्या घेऊन येऊ लागल्या.

मात्र या संस्थेचे उत्तम फळ तासांच्या वेळापत्रकातून आले नाही, ही यातील विसंगती आहे. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर १९२८ साली प्राचार्य झाले. पोलीस खात्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या संगीतप्रेमी वडिलांनी त्यांना बालपणापासून गाणे शिकविण्याची व्यवस्था केली होती. म्हणजे येथे प्रथम भेटतो तो एक बाप. पुढे १९३६ साली बेळगाव भागातील बैलहोंगल येथे जन्मलेले कृष्णराव गिंडे वयाच्या अकराव्या वर्षी रातंजनकरांकडे लखनौला राहावयास आले आणि त्यांच्या घरातच वाढले. गिंडे यांना शेकडो बंदिशींचे जे भांडार लाभले ते या सहवासाचे देणे होय.

या संदर्भात ‘पुत्रवत सांभाळ केला’ हा शब्दप्रयोग हटकून येतो. त्याची छाननी आवश्यक आहे. शिष्याविषयीचे वात्सल्य हे येथे संगीतकार्याचाच भाग मानले जाते, त्यामुळे ते चरित्रात मानाने मिरविते. पण अकरा वर्षांच्या मुलाचे जेवण, ताप, शाळा आणि घरच्या आठवणीने येणारे रडे हे कोणी निभावले? आणि इतक्या दूर मुलगा पाठविणाऱ्या आईवडिलांनी काय सोसले? बंदिशींचा पाठभेद टिपण्यात आपण दाखविलेली काटेकोरता या नोंदींच्या वाट्याला आलेली नाही. नॅशनल बुक ट्रस्टसाठी भातखंडे यांचे चरित्र स्वतः रातंजनकरांनीच लिहिले. जेथे शिष्य हाच पुत्रस्थानी आणि तोच चरित्रकार, तेथे घराचे दार अर्धेच उघडावे, हे स्वाभाविक आहे.

स्त्री-कलावंतांच्या बाबतीत दार सताड उघडे असते. लखनौबाहेरचे, मुंबईचे उदाहरण घ्यावे लागेल. १९३९ साली पतीच्या निधनानंतर मोगूबाई कुर्डीकर यांनी तीन मुलांचा संसार गाण्याच्या बळावर चालविला. या प्रसंगी आपले लेखन आईला केंद्रस्थानी आणते खरे. परंतु ‘मुलांसाठी गायल्या’ असे म्हणताना त्या गाण्यासाठीही गायल्या हे मागे पडते. आई स्थायी-अंतरा दोनदाच म्हणून दाखवी, तिसऱ्यांदा नाही, असे किशोरी आमोणकर सांगत. हीच रीत पुरुष गुरूची असती तर तिला आपण शिस्त म्हटले असते. मोगूबाईंबाबत ‘आईपण बाजूला ठेवले’ असे म्हटले जाते. जणू वात्सल्य गुरूला शोभते, कठोरपणा आईला नाही. आईबरोबर दौऱ्यावर जाणाऱ्या लहान किशोरीने आयोजकांची वागणूक पाहिली आणि पुढे स्वतःच्या मैफलींत मानाविषयी कसलीही तडजोड केली नाही. आईच्या व्यवसायातून मुलाला मिळालेले हे शिक्षण कोणत्याही तालमीहून कमी नव्हे.

लखनौकडे परतल्यावर बेगम अख्तर यांचे उदाहरण यापुढे ठेवता येते. १९४५ साली बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी विवाह झाला आणि त्यांचे गाणे थांबले. प्रतिष्ठित घरात गृहिणी आणि गायिका एकत्र नांदू शकत नाहीत, ही त्यामागील धारणा होती. प्रकृती ढासळली, अखेर १९४९ साली लखनौच्या आकाशवाणी केंद्रावरून त्या पुन्हा गाऊ लागल्या. भातखंडे यांच्याबाबत घर संपले आणि संगीत सुरू झाले असे आपण सांगतो. येथे घर सुरू झाले आणि संगीत संपले. दोन्ही कथांचे गृहीतक मात्र एकच आहे, आणि १९४९ नंतरची बेगम अख्तर यांची पंचवीस वर्षे ते खोटे ठरवितात. घर आणि मैफल ही दोन्ही त्या काळात चालूच होती.

शिष्या त्यांना ‘अम्मी’ म्हणत. शांती हिरानंद यांच्या २००५ सालच्या आठवणींच्या पुस्तकाच्या नावातच हे संबोधन आहे आणि त्यात मैफलींइतकेच घरही आहे. त्याच शहरात रातंजनकर शिष्यांचे ‘अण्णासाहेब’ होते. त्यांच्या घराविषयी या तोडीचे पुस्तक मराठीत यावयास हवे होते. त्यासाठी ज्यांना विचारावयाचे त्यांपैकी गिंडे १९९४ साली गेले आणि लखनौलाच शिकलेले दिनकर कैकिणी २०१० साली.