यंत्रदृष्टी आणि दोषाचे नाव

सातारा जिल्ह्यातील लोणंद हे गाव कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. त्याच गावी औद्योगिक वसाहतही आहे. बाजारातील कांद्याची निवड आणि कारखान्यातील मालाची तपासणी ही दोन कामे वरकरणी भिन्न वाटली, तरी त्यांचे मर्म एकच आहे. माल पाहून त्यास नाव द्यावयाचे, आणि त्या नावावरून त्याचे मोल ठरावयाचे. कांद्यास ‘गोल्टी’, ‘चिंगळी’ किंवा ‘जोड’ म्हटले की त्याचा भाव उतरतो.

पाहण्याचे हे काम कारखान्यांतून आता कॅमेरा व संगणक यांजकडे सोपविले जात आहे. या पद्धतीस ‘यंत्रदृष्टी’ व ‘यंत्रशिक्षण’ अशी नावे दिली जातात. ही नावे सुबोध आहेत; परंतु ती दिशाभूल करणारीही आहेत. ‘दृष्टी’ या शब्दाने असा ग्रह होतो की, दोष वस्तूत आधीच सिद्ध असून यंत्र तो केवळ पाहते. आकारमानापुरते हे काहीसे खरे आहे. व्यासाची मर्यादा एकदा ठरली की छायाचित्रावरून गोल्टी वेगळी काढता येते. पृष्ठावरील दोषांना मात्र असा सरळ नियम पुरत नाही. तेथे यंत्रास उदाहरणांवरून शिकवावे लागते.

ही उदाहरणे कशी तयार होतात, हे पाहणे उद्बोधक ठरेल. चीनमधील शेनयांग येथील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाने पोलादी पट्ट्यांच्या पृष्ठदोषांचा एक चित्रसंग्रह सिद्ध केला आहे. त्यात १८०० चित्रे असून सहा दोषांपैकी प्रत्येकाची ३०० आहेत. चित्रावर दोषाचे नाव माणसाने घातलेले असते. केवळ या सहा वर्गांवर शिकविलेल्या साध्या वर्गीकारकापुढे सातवा दोष आला, तर तो त्यासही सहांतलेच एखादे नाव देतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की, दोषांची नावे यंत्रास शिकविण्याची आवश्यकताच उरलेली नाही. जर्मनीतील एमव्हीटेक या संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहात १५ प्रकारच्या वस्तू व पृष्ठे यांची ५३५४ चित्रे आहेत, आणि शिक्षणासाठी दिलेले सर्व नमुने निर्दोष आहेत. नमुन्याहून जे वेगळे, ते सदोष, असे हे तत्त्व. तथापि ‘निर्दोष’ हेही नावच आहे, आणि तेही माणसानेच दिलेले असते. शिवाय किती वेगळेपण खपवून घ्यावयाचे, ही सीमा यंत्र पाहून ठरवीत नाही. सदोष माल सुटण्याची हानी मोठी की चांगला माल नाकारला जाण्याची, या हिशेबावर ती ठरते.

खरा प्रश्न येथेच उद्भवतो. ढिगापुढे उभा राहून शेतकरी ‘ही गोल्टी नव्हे’ असे म्हणू शकतो, कारण तो शब्द दोघांचा असतो. यंत्राने दिलेल्या आकड्याशी कामगाराने वाद कोणत्या शब्दांत घालावा?

भाषेच्या अभ्यासकांस या बाबतीत सांगण्यासारखे काही आहे. शब्दसंग्रहावर व्याकरणिक खुणा करताना दोन जाणकारांचे मत कितपत जुळते, हे ते मोजतात. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला ‘कॅपा’ हा निर्देशांक त्यासाठीच वापरला जातो. कारखान्यातील चित्रांसही हीच कसोटी लावली पाहिजे. जेथे दोन अनुभवी तपासनिसांचेच मत जुळत नाही, तेथे यंत्राच्या अचूकतेचा दावा म्हणजे एका पक्षाच्या मताचीच पुनरुक्ती होय. म्हणून तपासनिसांचे शब्द आधी टिपून घ्यावेत, त्यांच्या अर्थांच्या सीमा निश्चित कराव्यात, आणि मगच यंत्रास शिकवावयास बसावे.