दार चांगलं, पण कोणत्या वेळी? लातूर यांचा डोअर-क्लोजरवरचा पेपर वाचताना

विज्ञान-तंत्रज्ञानाच्या समाजशास्त्राचा कुठलाही कोर्स घ्या, एक पेपर कधी ना कधी हातात पडतोच. विषय काय, तर दार आपोआप बंद करणारं यंत्र. हा पेपर १९८८ साली 'सोशल प्रॉब्लेम्स' या नियतकालिकात आला. लेखकाचं नाव छापलं होतं जिम जॉन्सन. खरे लेखक होते फ्रेंच विचारवंत ब्रूनो लातूर. (आपल्या मराठवाड्यातल्या लातूरशी त्यांचा काही संबंध नाही, पण नाव लक्षात राहायला मदत होते.)

पेपर छोटा आहे, विनोदी आहे आणि पहिल्याच वाचनात कळल्यासारखा वाटतो. माझ्या मते यातच थोडा धोका आहे. म्हणून या पोस्टमध्ये तीन गोष्टी करू: पेपर काय म्हणतो ते नीट पाहू, त्यातलं उचलण्यासारखं काय ते बघू, आणि तो कुठे कमी पडतो ते दारांच्याच इतिहासावर तपासून पाहू.

पेपर काय म्हणतो?

लातूर सुरुवात भिंतीपासून करतात. भिंत आपलं रक्षण करते, पण आत-बाहेर जाता येत नाही. भोक पाडलं तर जाता येतं, पण थंडी, उंदीर, चोर सगळेच आत येतात. दार आणि बिजागरी ही या दोन्हींमधली तडजोड. आता प्रश्न उरतो की माणसं दार उघडतात, पण बंद करायला विसरतात. मग काय करायचं? एक तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला शिस्त लावा. नाहीतर एक दारवान ठेवा, म्हणजे एकालाच शिस्त लावावी लागेल. पण दारवानही पेंगतो. मग तेच काम स्प्रिंगला द्या. स्प्रिंग दार तोंडावर आपटते, म्हणून हायड्रॉलिक क्लोजर बसवा. तुम्ही दार ढकलता तेव्हा तो तुमचीच ताकद साठवून घेतो आणि मग सावकाश दार लावतो.

माणसाचं काम असं वस्तूकडे सोपवण्याला लातूर 'डेलिगेशन' म्हणतात. आणि वस्तू उलट माणसाकडून जे वागणं मागते, त्याला 'प्रिस्क्रिप्शन'. क्लोजर बसवलेलं दार तुमच्याकडे ताकद मागतं. लहान मुलं, म्हातारी माणसं, हातात सामान असलेले कामगार यांना ते जड जातं. म्हणजे दार भेदभाव करतं, हे लातूर स्पष्ट नोंदवतात.

उचलण्यासारखं काय?

या पेपरमधली सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे एक साधी युक्ती. एखादी वस्तू काय काम करते हे कळत नसेल, तर ती नाही अशी कल्पना करा आणि तिच्याशिवाय कोणाला काय काय करावं लागेल याची यादी करा. बिजागरी नसेल तर दरवेळी भिंत फोडून पुन्हा बांधावी लागेल! यादी जितकी लांब, तितकं त्या वस्तूचं काम मोठं.

ही युक्ती मुंबईच्या लोकलवर लावून बघा, पण उलटी. साध्या लोकलला आपोआप बंद होणारं दार नाही. मग 'उघडं दार' काय काय काम करत होतं? ते हवा आत आणत होतं. काही सेकंदांच्या थांब्यात चढ-उतार होऊ देत होतं. डब्यात न मावणारी माणसं बाहेर लटकवून का होईना, नेत होतं. २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली, तिची दारं आपोआप बंद होतात. तिथे हवेचा प्रश्न एसीने सोडवला. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. त्यानंतर रेल्वेने बिगर-एसी गाड्यांनाही बंद होणारी दारं बसवायचं जाहीर केलं. त्या आराखड्यात दाराबरोबर आणखी काय काय आलं ते पाहा: दारांना हवा येण्यासाठी झडपा, छतावर हवा खेळवणारी यंत्रणा आणि डब्यातून डब्यात जाता यावं म्हणून मधली जोडवाट. उघडं दार जे फुकटात करत होतं, ते बंद दाराबरोबर वेगळं विकत घ्यावं लागतं. लातूर यांची युक्ती इथे अगदी चपखल बसते.

मग अडचण कुठे आहे?

अडचण पहिली: हे दार फारच शांत आहे

पेपरमधला प्रसंग आठवा. थंडीचे दिवस, विद्यापीठातला एक विभाग, आणि दारावर हाताने लिहिलेली सूचना, की क्लोजर संपावर आहे तेव्हा दार लावून घ्या. फार तर काय बिघडेल? खोलीत गारठा येईल. एका वेळी एक माणूस येतो, एक जातो.

त्याच १९८८ साली डोनाल्ड नॉर्मन यांचं रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक आलं. 'ढकलायचं की ओढायचं' हे न कळणाऱ्या दारांना आज जगभर 'नॉर्मन डोअर' म्हणतात ते त्यामुळेच. तिथेही दारासमोर एकटाच माणूस उभा आहे. दोघांची शिकवण मोलाची आहे. पण दोघांची दारं सोप्या वेळेतली आहेत.

आता अवघड वेळेतलं दार बघू. १६ जून १८८३, इंग्लंडमधलं संडरलँड, व्हिक्टोरिया हॉल. कार्यक्रमाच्या शेवटी बक्षिसं वाटणार म्हणून गॅलरीतली मुलं जिन्यावरून खाली धावली. जिन्याच्या पायथ्याचं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं, आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून ते बोल्टने अडकवलेलं होतं. चेंगराचेंगरीत १८३ मुलं गेली. हे दार बिघडलेलं नव्हतं. एकेकाला सोडायचं हे त्याला दिलेलं काम ते चोख करत होतं. गर्दी आल्यावर तेच काम जीवघेणं ठरलं.

या दुर्घटनेनंतर रॉबर्ट ब्रिग्ज यांनी १८९२ मध्ये आतून ढकलताच सुटणाऱ्या कडीचं पेटंट घेतलं. अमेरिकेत ३० डिसेंबर १९०३ ला शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये आग लागून ६०२ माणसं मेली. त्यानंतर कार्ल प्रिन्झलर आणि हेन्री ड्यूपॉन्ट यांनी तयार केलेला 'पॅनिक बार' १९०८ मध्ये बाजारात आला. दारावर कमरेच्या उंचीला आडवी दांडी असते. अंगाचा भार पडला तरी दार उघडतं, हाताने काही शोधावं लागत नाही. बाहेरून मात्र ते बंदच राहतं. आत शिरणाऱ्याला अडवणं आणि बाहेर पडणाऱ्याला सोडणं, ही दोन्ही कामं एकाच दाराने केली. डेलिगेशनचं याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण! पण ते दिसायला गारठलेल्या खोलीतून बाहेर पडून गर्दीत यावं लागतं.

अडचण दुसरी: किल्ली कोणाकडे आहे?

इथपर्यंतची गोष्ट आपण सहसा अशी सांगतो: दुर्घटना झाली, शोध लागला, प्रश्न सुटला. तारखा मात्र वेगळं सांगतात. पॅनिक बार बाजारात येऊन तीन वर्षं झाली होती तेव्हा, २५ मार्च १९११ ला, न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली. १४६ कामगार मेले, त्यांतल्या बहुतेक तरुण मुली. नवव्या मजल्यावरचं जिन्याचं दार कुलूपबंद होतं. कामगार जाताना चोरून काही नेतील, ही मालकांची भीती. २८ नोव्हेंबर १९४२ ला बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबमध्ये ४९२ माणसं मेली. मुख्य वाटेवरचं फिरतं दार दोन्ही बाजूंनी माणसं रेटल्यामुळे अडकलं. आणि तळघरातून वर येणाऱ्या जिन्याच्या माथ्यावरच्या दाराला तर पॅनिक बार होता! तरीही ते दार बंद करून ठेवलेलं होतं.

म्हणजे तंत्र उपलब्ध होतं, एका ठिकाणी दारावर बसवलेलंही होतं. त्याच्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हुकूम चालत होता. लातूर यांच्या पेपरमध्ये माणूस आहे, दारवान आहे, क्लोजर आहे. पण जागेचा मालक, गल्ला सांभाळणारा व्यवस्थापक, देखभालीचं बिल मंजूर करणारा अधिकारी जवळजवळ दिसत नाहीत. 'माणूस' आणि 'वस्तू' यांना एका पातळीवर आणताना माणसामाणसांतला फरक पुसट होतो, ही माझी या पेपरवरची मुख्य तक्रार.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात ५९ प्रेक्षक गेले. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवल्यामुळे उजव्या बाजूची वाट बंद झाली होती. इथे फक्त दार अभ्यासून काही हाती लागणार नाही. दारापर्यंतची वाट तिकिटाच्या भावाने विकली गेली होती, हे बघावं लागेल.

अडचण तिसरी: भेदभाव नोंदवला, पण मोजला नाही

क्लोजर म्हाताऱ्यांना जड जातो, हे लातूर सांगतात आणि पुढे जातात. पण हा 'जडपणा' मोजता येतो, आणि त्यावर भांडताही येतं. अमेरिकेत १९९० मध्ये अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याच्या मानकांनुसार इमारतीच्या आतलं बिजागरीचं दार उघडायला ५ पाउंडापेक्षा (साधारण २२ न्यूटन) जास्त जोर लागता कामा नये. फायर डोअर मात्र या मर्यादेतून वगळलेलं आहे. का? कारण आगीच्या वेळी ते पक्कं मिटलंच पाहिजे, आणि त्यासाठी स्प्रिंग जोरदार हवी. व्हीलचेअरवरच्या माणसाला हलकं दार हवं, धूर अडवायला घट्ट दार हवं. एकाच स्प्रिंगमध्ये दोघांचा झगडा चालू असतो.

यावर एक छान तोडगा निघाला. विद्युतचुंबक दाराला दिवसभर उघडं धरून ठेवतो, अलार्म वाजला की चुंबक सुटतो आणि दार मिटतं. रोजच्या वेळी वाट मोकळी, वाईट वेळी संरक्षण. जिथे यावर खर्च होत नाही, तिथे वापरणारे आपला तोडगा काढतात. फायर डोअरला वीट किंवा चक्क अग्निशामक सिलिंडरचा टेकू लावलेला तुम्हीही पाहिला असेल. त्याला नुसती बेशिस्त म्हणून सोडून देऊ नका. दाराने मागितलेली ताकद लोकांनी नाकारली आहे, हा तुमचा डेटा आहे.

मग पेपर बाद का?

अजिबात नाही. कोणी म्हणेल, लातूर यांनी मुद्दामच क्षुल्लक उदाहरण घेतलं, कारण क्षुल्लक वस्तूतही समाज असतो हेच त्यांना दाखवायचं होतं. हे मान्य. पण उदाहरण निवडलं की सिद्धांताला काय दिसणार आणि काय नाही, हेही बऱ्याच अंशी ठरून जातं. शांत दार निवडलं तर वस्तू हुशार आणि माणूस विसराळू दिसतो. बंद कुलपाचं दार निवडलं तर सत्ता दिसते.

शेवटची कसोटी विमानाची. ११ सप्टेंबर २००१ नंतर कॉकपिटची दारं मजबूत करण्यात आली. दाराबाहेर कोड टाकायची सोय असते, पण आतला वैमानिक एका स्विचने तो कोड काही काळ निष्प्रभ करू शकतो. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्जच्या विमानात कॅप्टन बाहेर राहिला, आत एकट्या सहवैमानिकाने दार बंद ठेवलं आणि विमान आल्प्समध्ये आदळवलं. १५० माणसं मेली. दार ठरल्याप्रमाणेच चाललं. 'धोका बाहेरून येतो' हे गृहीतक त्यात घट्ट बसवलेलं होतं, ते त्या दिवशी चुकीचं ठरलं. लातूर यांची भाषा इथे पुन्हा उपयोगी पडते, कारण निर्णय दाराकडे सोपवला होता. फक्त पुढचा प्रश्न आपण जोडायचा: सोपवताना शत्रू कोण, हे कोणी ठरवलं?

संशोधनाचा विषय शोधत असाल तर हा पेपर जरूर वाचा आणि मग आपल्या वस्तूला तीन प्रश्न विचारा. तिच्या सर्वांत वाईट दिवशी ती कशी वागली? तिची किल्ली कोणाकडे होती? आणि तिच्या सोयीची किंमत कोणाच्या अंगावर पडली? पहिल्या दोन प्रश्नांसाठी चौकशी आयोगांचे अहवाल आणि न्यायालयाचे निकाल वाचा. ते कंटाळवाणे असतात, पण कोणतं दार कोणी आणि का बंद ठेवलं याची नोंद तिथेच सापडते. तिसऱ्यासाठी दारापाशी दिवसभर उभं राहा आणि कोण अडतं ते लिहून काढा. प्रपोजलची पहिली दोन पानं त्यातून निघतील.