दोन नावांचा एक माणूस

व्हाइटफील्डला राहून आम्ही दया पवारांचे १९७८ सालचे ‘बलुतं’ पुन्हा वाचले, तेव्हा त्याची रचना विशेष जाणवली. येथे दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि शिकून पांढरपेशा झालेला दया ती ऐकतो. दोघे एकच; तरी त्यांच्यात अंतर आहे. ते लपविले नाही, हेच या आत्मकथनाचे मोल होय. महारवाडा आणि कावाखाना उभा करताना लेखक स्वतःच्या दुबळेपणाचीही गय करीत नाही. मात्र दया फार थोडे बोलतो. त्याने दगडूला अधिक प्रश्न विचारावयास हवे होते. गाव मागे टाकून आलेल्या आम्हांला तो मुका श्रोता ओळखीचा वाटतो. म्हणूनच त्याचे मौन अधिक बोचते.