‘झिंक फिंगर’ : बोट कोणाचे?

‘झिंक फिंगर’, म्हणजे जस्ताचे बोट, हे नाव जीवशास्त्रात चांगलेच रुजले आहे. आमचा आक्षेप नावाला नाही. ते ज्या चित्रासह शिकवले जाते, त्या चित्राला आहे.

१९८५ साली केंब्रिजमध्ये ॲरन क्लूग व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या एका प्रथिनात सुमारे ३० अमिनो आम्लांचा एकाच धर्तीचा तुकडा ९ वेळा आल्याचे दाखवले. प्रत्येक तुकड्यात दोन सिस्टीन व दोन हिस्टिडीन मिळून जस्ताचा एक अणू धरतात. कागदावर हे सपाट फासासारखे काढले गेले आणि तेच चित्र पुस्तकांतून फिरत राहिले. ते पाहून विद्यार्थ्याला वाटते, जस्तच डीएनए चाचपते. पाव्हलेटिच व पॅबो यांनी १९९१ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने मांडलेली रचना वेगळे सांगते. डीएनएच्या खोबणीत बसतो तो प्रथिनाचा मळसूत्री भाग. एकेक बोट साधारण तीन अक्षरजोड्या ओळखते. जस्त आत राहून घडी धरून ठेवते. द्रोणाला टोचलेली काडी आठवावी. भाजी काडीत नसते, पण काडी काढली की द्रोण उलगडतो.

एवढ्याने काय बिघडते? खानदेशात बरेच बिघडू शकते. केळी-कपाशीला झिंक सल्फेट टाकताना पाहिलेले मूल ‘जस्त’ म्हटले की खत आणि कमतरता एवढेच समजते. याच जळगाव-धुळ्याच्या सातपुडा पट्ट्यात, चोपडा, यावल, शिरपूरकडील भिल्ल व पावरा वस्त्यांत सिकलसेल आहे. वर्गात आपण हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराची चूक सांगून थांबतो. मग पहिले काही महिने बाळाला त्रास का होत नाही? कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन तोवर टिकून असते. पुढे ते बंद करण्यात ‘बीसीएल-११-ए’ या प्रथिनाचा मोठा वाटा असतो, आणि ते डीएनएला धरते ते अशाच बोटांनी.

रक्ताच्या मूळपेशींत फेरफार करून हे प्रथिन कमी करणारा उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्य झाला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली; सातपुड्याच्या पाड्यांना ती परवडणारी नाही. म्हणून रक्तचाचणी व नियमित औषधोपचार यांचे महत्त्व कमी होत नाही.

चित्र जरूर काढावे, पण शेजारी द्रोण ठेवावा. सिकलसेल असलेले मूल आपल्याच वर्गात बसलेले असू शकते. ‘माझ्यात जस्त कमी पडले’ असा समज घेऊन ते घरी जाऊ नये.