महेंद्र, विराट आणि कंगवा

२०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या भागातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. त्यातले एक उदाहरण आम्हाला फार आवडते. ७५ किलोग्रॅमचा महेंद्र आणि ८० किलोग्रॅमचा विराट एकमेकांपासून १ मीटरवर बसले आहेत. त्यांच्यातील गुरुत्वबल किती? उत्तर येते सुमारे ०.००००००४ न्यूटन. बाकाचे घर्षण शून्य मानले तरी महेंद्रला १ सेंटिमीटर सरकायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागेल. ओळखीची नावे, सोपी आकडेमोड. गुरुत्व किती दुबळे ते लगेच पटते.

आमची तक्रार यापुढची आहे. दुबळे, पण कशाच्या मानाने? आणि दुबळे असेल तर त्याच धड्यात ते ग्रहांना सूर्याभोवती कसे फिरवते? गणित सुटते, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. मग आपण शिक्षक फळ्यावर चार मूलभूत बलांचा तक्ता लिहितो: प्रबल केंद्रकीय, विद्युतचुंबकीय, क्षीण केंद्रकीय आणि सर्वांत खाली गुरुत्व. मुले तक्ता पाठ करतात.

या तक्त्यातला गुरुत्वापुढचा एकच एक आकडाही फसवा असतो. दोन प्रोटॉनांमधले विद्युतबल त्यांच्या गुरुत्वबलाच्या एकावर ३६ शून्ये इतके पट असते. दोन इलेक्ट्रॉन घेतले तर चारावर ४२ शून्ये! कण कोणते, हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. अंतराने मात्र हे गुणोत्तर बदलत नाही, कारण दोन्ही बले अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतात.

खरा उलगडा बेरजेत आहे. केंद्रकीय बलांची धाव अणुकेंद्रकापुरतीच. विद्युतप्रभार धन आणि ऋण असे दोन; मोठ्या वस्तूत ते एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. वस्तुमानाला असा विरुद्ध जोडीदार नाही, म्हणून गुरुत्व नुसते साठत जाते. सुमारे २२ किलोमीटरचा मंगळाचा उपग्रह फोबोस बटाट्यासारखा वेडावाकडा राहिला. आपला चंद्र मात्र गोल झाला. तेवढ्या मोठ्या आकाराला खडकाचा कणखरपणा, म्हणजे शेवटी विद्युतबलच, गुरुत्वापुढे हार खातो.

आमच्या सोलापुरात यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. थंडी सरता सरता हवा अशी कोरडी होते की प्लॅस्टिकचा कंगवा केसांतून चार वेळा फिरवला की कागदाचे कपटे टुणकन उडतात. खाली अख्खी पृथ्वी ओढते आहे, तरी कंगवा जिंकतो! इथे थांबू नये. लगेच विचारावे, “मग चंद्राला कोणी धरून ठेवले आहे?” वर्ग गप्प होईल. त्या शांततेत बेरजेची गोष्ट सांगावी. तक्ता नंतर लिहिला तरी चालेल.

विराटला खाली खेचणारे ७८४ न्यूटन पृथ्वीचे आणि तेवढेच वर रेटणारे बाकाच्या अणूंचे, म्हणजे विद्युतबलाचे. पुस्तकातल्या त्या सुंदर उदाहरणाला हे एक वाक्य जोडले असते, तर धडा पुरा झाला असता.