अर्ध्या मिनिटातील माणूस

जाहिरातीला वाङ्मय म्हणावे की नाही, याविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु तिच्यात पात्रे असतात, संवाद असतो आणि चिमूटभर कथानकही असते. तेव्हा तिच्या पात्रांकडे टीकाकाराने पाहूच नये, असे म्हणण्यास आधार नाही. नाटकातील साचेबंद पात्रसुद्धा तीन अंकांच्या अवधीत केव्हा तरी साच्याबाहेर पाऊल टाकते. टेलिव्हिजनवरील जाहिरातीपाशी जेमतेम अर्धे मिनिट असते. माणसाची ओळख करून देण्यास तिला सवड नसते. म्हणून प्रेक्षकाच्या मनात आधीपासून असलेली ओळख ती उसनी घेते. अमेरिकन जाहिरातींतील आशियाई माणूस हा असा उसन्या ओळखीवर जगत आलेला आहे.

'जेल-ओ' या थलथलीत गोड पदार्थाची एक व्यंगचित्रांची जाहिरात १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिकडे दाखविली जाई. एक चिनी बाळ काड्यांनी तो पदार्थ खाऊ पाहते, तो निसटतो, आणि मग आई 'पाश्चात्त्यांचा थोर शोध' म्हणून चमचा आणून देते. निवेदन अर्थातच मोडक्यातोडक्या इंग्रजीत. चिनी घरांत चमचा हजारो वर्षे वापरात आहे, हे लिहिणाऱ्यास ठाऊक होते की नव्हते हा प्रश्न गौण होय; त्या विनोदाला हे ज्ञान अडचणीचेच झाले असते.

याहून पुष्कळच कुशल, आणि म्हणून अधिक विचार करावयास लावणारी जाहिरात म्हणजे १९७० नंतरच्या दशकातील 'कॅल्गन'ची. पाण्यातील कॅल्शियम धरून ठेवून पाणी मृदू करणारे हे द्रव्य. ते घातले म्हणजे साबण वाया जात नाही. मि. ली यांच्या धुलाईच्या दुकानात आलेली गिऱ्हाईक बाई विचारते, सदरे इतके स्वच्छ कसे निघतात? ली सांगतात, हे चिनी लोकांचे प्राचीन गुपित आहे. लगेच आतल्या खोलीतील त्यांची पत्नी प्रेक्षकांना सांगून टाकते की, गुपित कसले, हे तर कॅल्गन! पुढे तीच दुकानात येऊन कॅल्गन संपल्याची वर्दी मोठ्याने देते, आणि बाई ली यांचेच शब्द त्यांना परत ऐकविते.

येथे हसे होते ते पूर्वेच्या गूढतेवर भाबडेपणाने विश्वास ठेवणाऱ्यांचे. गिऱ्हाइकाला काय ऐकावयाचे आहे हे ली पुरते जाणून आहेत. साच्याचा खरा जाणकार त्या दुकानात कोणी असेल तर ते स्वतः लीच. इतके श्रेय या जाहिरातीला दिलेच पाहिजे. परंतु ली धुलाईच्याच दुकानात का उभे आहेत, हा प्रश्न कोणी विचारणार नाही, या भरवशावरच ती उभी आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर विनोदी नाही. खाणींतून आणि इतर धंद्यांतून हुसकलेल्या चिनी मजुरांना थोड्या भांडवलात आणि थोड्या इंग्रजीत करता येण्याजोगा हा धंदा होता. तोही सुखाने करू दिला गेला नाही. लाकडी इमारतीत धुलाई चालविण्यास नगरमंडळाची परवानगी हवी, असा नियम सॅन फ्रान्सिस्को शहराने १८८० मध्ये केला. सुमारे २०० चिनी अर्जदारांना परवानगी नाकारली गेली. चिनी नसलेल्या ऐंशीच्या आसपास अर्जदारांपैकी एक सोडून सर्वांना ती मिळाली. नियमाच्या शब्दांत चिन्यांचा उल्लेखही नव्हता. कचेरीत नियम हाताळणाऱ्यांस यातील खुबी सांगावयास नको. १८८६ मध्ये यिक वो यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने हा पक्षपात घटनाबाह्य ठरविला. पण त्यापूर्वीच, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना देशात येण्यासच बंदी करणारा कायदा झालेला होता आणि तो १९४३ पर्यंत टिकला. मि. ली यांच्या गल्ल्यामागे एवढा इतिहास आहे. अर्ध्या मिनिटात तो मावत नाही, हे खरे. पण त्याचे फळ मात्र आयते वापरता येते.

चिनी पत्नीची भूमिका ॲन मियामोटो या नटीने केली. आडनाव जपानी, जाहिरातीला तेवढ्याने अडले नाही. केरळच्या, आंध्रच्या आणि कर्नाटकाच्या सहकाऱ्यांना एकाच 'मद्रासी' शब्दात कोंबताना आपल्यापैकी कित्येकांनाही कोठे अडते?

साचा परकेच वापरतात असेही नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेतील 'सुपर बोल' सामन्याच्या वेळी 'सेल्सजीनी'च्या दोन व्यंगचित्रमय जाहिराती दाखविल्या गेल्या. एकीत सात मुलांचा बाप असलेला, साहेबाने कामावरून काढण्याचा दम दिलेला रमेश नावाचा भारतीय विक्रेता. दुसरीत बांबूचे सामान विकणारे, चिनी हेल काढून इंग्रजी बोलणारे पांडा. या जाहिराती कंपनीचे प्रमुख विनोद गुप्ता यांनी स्वतः लिहिल्या होत्या, आणि गुप्ता हे उत्तर प्रदेशात जन्मलेले, खरगपूरच्या आय. आय. टी.त शिकलेले. तक्रारी आल्यावर पांडांची जाहिरात मागे घेण्यात आली. कोणाचे मन दुखेल असे वाटले नव्हते, पांडा चिनी आहेत, ते काही जर्मन बोलणार नाहीत, असा गुप्ता यांचा खुलासा होता. मि. ली यांची पत्नीही चिनीच होती, आणि गुप्तांच्या पांडांच्या तीसेक वर्षे आधी, याच धंद्याने लिहिलेल्या जाहिरातीत, ती चारचौघींसारखे अमेरिकन इंग्रजी बोलून गेली होती.